तोंडाच्या कर्करोगात कोणती रेणवीय चाचणी खरोखर कामाची?

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

नागपुरात तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या रुग्णांच्या फाइलमध्ये अलीकडे एक नवा अहवाल दिसू लागला आहे. गाठीच्या पेशींतील जनुके, प्रथिने किंवा विषाणूंचा माग काढणाऱ्या रेणवीय चाचणीचा हा अहवाल बहुधा मुंबई, गुरुग्राम किंवा बेंगळुरूच्या प्रयोगशाळेतून येतो, अनेक पानांचा असतो, आणि त्यासाठी मोजलेली रक्कम गडचिरोली, बालाघाट किंवा छिंदवाड्याहून आलेल्या कुटुंबाला सहज पेलणारी नसते. नातेवाईक तो हातात धरून विचारतात, की आमचा माणूस बरा होईल की नाही हे यात लिहिले आहे का. विकृतिशास्त्राच्या, म्हणजे गाठीचा तुकडा तपासून रोग ओळखण्याच्या शास्त्राच्या, अध्यापनात आणि निदानाच्या कामात माझी सारी नोकरी याच शहरात झाली असल्याने हा प्रश्न मी पुष्कळ ऐकला आहे, आणि त्याचे उत्तर जाहीरपणे आणि सविस्तर दिले जावे असे वाटल्यावरून हे पत्र लिहीत आहे. मोजक्या रेणवीय चाचण्या मोजक्या रुग्णांसाठी खरोखर मोलाच्या आहेत. मात्र विदर्भातील बहुसंख्य रुग्णांचे भवितव्य आजही साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या चार-पाच बाबींवरून अधिक भरवशाने सांगता येते, आणि नेमक्या त्याच बाबी अनेक अहवालांत अर्धवट नोंदवलेल्या असतात, हे माझे म्हणणे आहे.

‘डोके व मान यांचा कर्करोग’ या एका नावाखाली तोंड, टॉन्सिल, जिभेचा मागचा भाग, स्वरयंत्र, घशाचा खालचा भाग आणि नाकामागची पोकळी अशा निरनिराळ्या जागांचे, निरनिराळ्या कारणांनी होणारे रोग एकत्र येतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे वर्षाला सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळतात आणि पुरुषांमध्ये हाच कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. आपल्या भागात त्याचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा गालात तासन्‌तास दाबून ठेवला जातो, आणि म्हणून रोग होतो तो गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेत. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असली तरी खर्रा पानठेल्यावर मिळतोच. पाश्चात्त्य देशांत गेल्या तीन दशकांत वाढला तो मुख्यतः टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाचा, मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे म्हणजे एचपीव्हीमुळे होणारा कर्करोग. रेणवीय चाचण्यांमधली सर्वांत गाजलेली निष्पत्ती या दुसऱ्या रोगाची आहे. ती पहिल्या रोगाला लावली की घोटाळा सुरू होतो.

ती निष्पत्ती नक्कीच मोठी आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका महत्त्वाच्या अभ्यासात, टॉन्सिल व आसपासच्या भागातील पुढच्या अवस्थेतील कर्करोगाच्या रुग्णांपैकी ज्यांच्या गाठीत एचपीव्ही होता त्यांतील ८२.४ टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते, आणि ज्यांच्यात तो नव्हता त्यांच्यात हेच प्रमाण ५७.१ टक्के होते. उपचार सारखेच असताना केवळ गाठीच्या जैविक स्वरूपामुळे इतका फरक पडावा, हे या शाखेत पूर्वी कधी दिसले नव्हते. विषाणूची दोन प्रथिने पेशीची वाढ आवरणाऱ्या पी५३ आणि आरबी या दोन पहारेकरी प्रथिनांना निकामी करतात. आरबीचा अंकुश सुटला की पी१६ नावाचे प्रथिन पेशीत साठत जाते, आणि साध्या रंगचाचणीने ते काचपट्टीवर दिसते. म्हणून पी१६ हे विषाणूचे स्वस्त आणि सोयीचे चिन्ह ठरले. अवस्था ठरवण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीची आठवी आवृत्ती २०१८ पासून लागू झाली तेव्हा पी१६ असलेल्या टॉन्सिल-कर्करोगाला अवस्थांचा स्वतंत्र तक्ता मिळाला. याच २०१० च्या अभ्यासातील दुसरी गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही: विषाणू असलेल्या रुग्णांतही ज्यांनी दीर्घकाळ भरपूर धूम्रपान केले होते त्यांचे भवितव्य तितके चांगले राहिले नाही.

आता हीच पी१६ चाचणी गालाच्या कर्करोगाच्या तुकड्यावर केली तर काय हाती लागते? तंबाखूमुळे होणाऱ्या कर्करोगात पी१६ तयार करणारे जनुक बहुधा नष्टच झालेले असते, त्यामुळे चाचणी नकारात्मक येते आणि त्यातून आधी माहीत नसलेले काहीही कळत नाही. क्वचित ती सकारात्मक आली, तर तेवढ्यावरून विषाणूचा पुरावा मिळत नाही, आणि तोंडाच्या कर्करोगाची अवस्था किंवा उपचार त्यामुळे बदलत नाहीत. अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञांच्या व्यावसायिक संघटनेने २०१८ साली दिलेल्या सूचनांतही ही चाचणी टॉन्सिल व जिभेच्या मुळाच्या सर्व नव्या रुग्णांत करावी आणि इतर जागांच्या कर्करोगात सरसकट करू नये असे म्हटले आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेले साडेसात हजारांहून अधिक रुग्णांचे एकत्रित विश्लेषण आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे आहे. टॉन्सिलच्याच कर्करोगात पी१६ आणि प्रत्यक्ष विषाणूची चाचणी या दोहोंचे निष्कर्ष सुमारे ९ टक्के रुग्णांत परस्परविरोधी होते. दोन्ही चाचण्या सकारात्मक असलेल्यांत पाच वर्षांनंतर ८१.१ टक्के रुग्ण हयात होते; पी१६ सकारात्मक पण विषाणू नाही अशांत ५४.७ टक्केच. शिवाय ज्या प्रदेशांत विषाणूजन्य रोगाचे प्रमाण कमी, तिथे ही फसवी सकारात्मकता जास्त आढळली. विदर्भ हा अशाच प्रदेशांत मोडतो. म्हणून आपल्याकडे टॉन्सिलच्या गाठीत पी१६ सकारात्मक आले तर विषाणूच्या डीएनए किंवा आरएनएची खातरजमा केल्याशिवाय ‘हा चांगला कर्करोग आहे’ असे रुग्णाला सांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चांगल्या भवितव्याचे चिन्ह मिळाले म्हणून उपचार सौम्य करता येतील, हा तर्क माणसाला फार पटतो. तो प्रत्यक्ष तपासला गेला आहे. एचपीव्ही असलेल्या रुग्णांना सिस्प्लॅटिन या केमोथेरपीच्या नेहमीच्या औषधाऐवजी तुलनेने सोसायला सोपे समजले जाणारे सेटुक्सिमॅब हे औषध किरणोपचारासोबत देऊन पाहिले, तेव्हा २०१८ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र चाचण्यांत सेटुक्सिमॅब घेतलेल्या रुग्णांचे जगण्याचे प्रमाण कमी भरले. रोग पुढे कसा वागेल हे सांगणारे चिन्ह आणि कोणता उपचार लागू पडेल हे सांगणारे चिन्ह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्यावरून दुसरे गृहीत धरल्याची किंमत रुग्ण मोजतो. अहवालाच्या रंगीत पानांवर हा भेद क्वचितच स्पष्ट केलेला असतो.

जनुकांच्या मोठ्या पॅनेलविषयीही, म्हणजे एकाच वेळी अनेक जनुके तपासणाऱ्या चाचणीविषयीही, थोडे सांगितले पाहिजे, कारण खर्च सर्वाधिक तिथे होतो. २०१५ साली अमेरिकेतील कर्करोग जनुकसंच प्रकल्पाने डोके-मान कर्करोगाच्या २७९ गाठींचे विश्लेषण प्रसिद्ध केले, त्यात विषाणू नसलेल्या गाठींपैकी ८४ टक्के गाठींत पी५३ बनवणाऱ्या टीपी५३ या जनुकात बिघाड आढळला. आपल्या देशातही कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि नवी मुंबईतील टाटा स्मारक केंद्राचे संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक यांच्या संशोधकांनी गाल-हिरडीच्या कर्करोगाच्या ११० रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला आणि टीपी५३, एफएटी१, कॅस्पेस-८, एचरास, नॉच१ यांच्यासोबत या जागेच्या कर्करोगात विशेषत्वाने बिघडणारी काही जनुकेही दाखवून दिली. हे काम अभिमानास्पद आहे आणि खर्ऱ्यासारख्या व्यसनातून होणाऱ्या कर्करोगाचे जीवशास्त्र समजून घेण्याचा पाया त्याने घातला. परंतु समोर बसलेल्या एका रुग्णाला त्याचा उपयोग किती, हा प्रश्न निराळा आहे. दहापैकी आठ रुग्णांत जो बिघाड असतोच, तो रुग्णारुग्णांत फरक काय दाखवणार? टीपी५३ चा बिघाड प्रथिनाची रचना मोडून टाकणारा असेल तर भवितव्य अधिक वाईट असते असे २००७ च्या ४२० रुग्णांच्या अभ्यासाने दाखवले, तरी त्यावरून कोणाची शस्त्रक्रिया मोठी करावी किंवा कोणाचा किरणोपचार वाढवावा हे अद्याप ठरलेले नाही. शिवाय या रोगात बिघडणारी बहुतेक जनुके पेशीला आवर घालणारी आहेत. जे जनुक नाहीसेच झाले आहे त्याला रोखणारे औषध बनवणे फार अवघड असते. म्हणून पॅनेलच्या अहवालात नावे अनेक येतात, पण औषध सुचवता येते ते अगदी थोड्या रुग्णांत, आणि तेही सर्व प्रचलित उपचार संपल्यावर.

पीडी-एल१ ची गोष्ट याहून वेगळी आहे आणि ती न्यायाने सांगितली पाहिजे. हे प्रथिन गाठीला रोगप्रतिकारक पेशींपासून लपवते, आणि ते किती प्रमाणात आहे याचा सीपीएस नावाचा गुणांक काढला जातो. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत रोग उलटलेल्या किंवा इतरत्र पसरलेल्या रुग्णांपैकी ज्यांचा गुणांक २० किंवा अधिक होता, त्यांचे मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) पेम्ब्रोलिझुमॅब या, ही लपवाछपवी मोडणाऱ्या औषधाने १४.९ महिने आणि जुन्या औषधयोजनेने १०.७ महिने भरले. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी गुणांक १ किंवा अधिक असलेल्या, शस्त्रक्रिया शक्य असलेल्या रुग्णांतही हे औषध शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर वापरण्यास मान्यता दिली. म्हणजे ही चाचणी उपचार बदलू शकते. पण त्यासाठी औषध रुग्णाच्या आवाक्यात असावे लागते, आणि आपल्याकडील बहुतेकांच्या ते नसते. त्याच अडचणीतून मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने मार्ग काढला. त्यांनी निव्होलुमॅब हे त्याच जातीचे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम, तोंडावाटे घ्यायच्या स्वस्त गोळ्यांसोबत दिले. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण केवळ गोळ्या घेणाऱ्यांत १६.३ टक्के, तर निव्होलुमॅबसह ४३.४ टक्के होते. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. नागपूरच्या प्रत्येक कर्करोग विभागात, रुग्णाला महागड्या औषधाचा आकडा सांगण्याआधी, या पर्यायाची चर्चा झाली पाहिजे.

आता ज्या गोष्टींनी खरा फरक पडतो त्यांकडे येतो. तोंडाच्या कर्करोगात गाठ किती मिलिमीटर खोल शिरली आहे, कापलेल्या कडांपासून ती किती दूर आहे, मानेतून काढलेल्या लसिका ग्रंथी किती, त्यांपैकी रोग असलेल्या किती, रोग ग्रंथीच्या आवरणाबाहेर पडला आहे का, आणि मज्जातंतूंच्या भोवती पसरला आहे का, या बाबी आजवरच्या कोणत्याही रेणवीय चिन्हापेक्षा भवितव्य अधिक भरवशाने सांगतात. टाटा स्मारकाच्या २०१५ च्या प्रसिद्ध चाचणीत, सुरुवातीच्या अवस्थेतील रुग्णांच्या मानेत गाठी हाताला लागत नसतानाही तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेतील ग्रंथी काढल्या तेव्हा तीन वर्षांनंतर ८० टक्के रुग्ण हयात होते, आणि गाठ दिसल्यावरच मानेची शस्त्रक्रिया केलेल्यांत ६७.५ टक्के. सगळ्या जगाने उपचारपद्धती बदलावी असा हा निष्कर्ष आपल्याच राज्यातून आला, आणि त्यात कोणत्याही जनुकाची तपासणी नव्हती. तसेच २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोप व अमेरिकेतील दोन चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून कळले, की कडेला रोग उरला असेल किंवा ग्रंथीच्या आवरणाबाहेर पडला असेल, तर शस्त्रक्रियेनंतरच्या किरणोपचारासोबत सिस्प्लॅटिन दिल्याने लाभ होतो. म्हणजे विकृतिशास्त्रज्ञाच्या एका ओळीवर रुग्णाला केमोथेरपी मिळणार की नाही हे ठरते. ती ओळ अहवालात नसेल, आणि अशी उदाहरणे मी वारंवार पाहिली आहेत, तर पुढचा डॉक्टर अंदाजाने निर्णय घेतो.

हे अर्धवटपण कुठून येते, हेही सांगितले पाहिजे. शस्त्रक्रियेनंतरचा नमुना तो टिकवणाऱ्या फॉर्मेलिन द्रावणात पुरेसा न बुडवता लहान डब्यात कोंबून पाठवला जातो. कधी तो सलाइनमध्ये येतो. उन्हाळ्यातल्या नागपूरमध्ये असा नमुना काही तासांत खराब होतो, आणि मग त्यावर रंगचाचणीही नीट होत नाही, डीएनएही तुटलेला मिळतो. गाल-हिरडीच्या कर्करोगात जबड्याचे हाड सोबत काढावे लागते. ते हाड मऊ करण्यासाठी तीव्र आम्लात ठेवले जाते, आणि त्या आम्लात रेणवीय तपासणीला लागणारे सारे नष्ट होते. हाड आम्लात जाण्याआधी मऊ ऊतीचा एक तुकडा वेगळा काढून ठेवावा, किंवा घाई नसेल तेव्हा हाड सावकाश मऊ करणाऱ्या ईडीटीए या रसायनाचा वापर करावा, एवढे केले तरी पुढची चाचणी करण्याजोगी राहते. हजारो रुपयांच्या पॅनेलचा अहवाल ‘नमुना अपुरा’ असा येतो त्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते. यासाठी नवे यंत्र लागत नाही. प्रशिक्षित तंत्रज्ञ, योग्य फॉर्मेलिन आणि थोडी शिस्त लागते, आणि या तिन्हींवर खर्च करायला मात्र कोणी उत्साहाने पुढे येत नाही.

वेळेचाही विचार व्हावा. शस्त्रक्रियेनंतरचा किरणोपचार सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा असा संकेत आहे. उपचार बदलणार नसलेल्या चाचणीच्या अहवालासाठी थांबल्याने त्यातले दोन-तीन आठवडे निघून गेले, तर भवितव्य जाणून घेण्याच्या नादात ते बिघडवल्यासारखे होते.

आपल्या शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालय, शासकीय दंत महाविद्यालय, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि मिहानमधील एम्स अशा संस्था आहेत. मध्य भारतातील रुग्ण इथे येतात. या संस्थांनी एकत्र बसून तोंडाच्या कर्करोगाच्या अहवालाचा एक समान नमुना ठरवावा, ज्यात वर सांगितलेली प्रत्येक बाब भरल्याशिवाय अहवाल पूर्ण मानला जाणार नाही. पी१६ टॉन्सिल व जिभेच्या मुळापुरती, पीडी-एल१ औषध देणे खरोखर विचाराधीन असेल तेव्हा, आणि जनुकांचे पॅनेल प्रचलित उपचार संपल्यावर, असा साधा संकेत पाळला जावा. चाचणी सांगताना तिच्या निष्कर्षाने उपचारात काय बदल होईल, हे डॉक्टरांनी कागदावर मराठीत किंवा हिंदीत लिहून द्यावे. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी होतात, पण बाहेरगावी पाठवलेल्या चाचणीचा खर्च पुष्कळदा घरच्यांच्याच खिशातून जातो. उपचार बदलणाऱ्या मोजक्या चाचण्या शासनाने योजनेत सामावून घ्याव्यात आणि त्या नागपुरातच होतील अशी सोय करावी.

संशोधनाला माझा विरोध आहे असे कोणी समजू नये. उलट ते इथेच व्हावे अशी माझी तळमळ आहे. भवितव्य सांगणाऱ्या चिन्हांवरचे शेकडो शोधनिबंध दुसऱ्या कोणी पडताळल्यावर टिकले नाहीत, कारण रुग्ण थोडे, तोंड-घसा-स्वरयंत्र सारे एकत्र मिसळलेले, सकारात्मक कशाला म्हणायचे ती रेषा निष्कर्ष पाहून आखलेली, आणि रुग्ण पुढे जगला की नाही याचा पत्ताच नाही. याच दोषांवर बोट ठेवून २००५ साली अशा अभ्यासांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना निघाल्या. आपल्याकडे गाठींच्या तुकड्यांचे मेणात जपलेले ठोकळे वर्षानुवर्षे साठलेले आहेत, आणि शहराची लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणीही आहे. नसतो तो पाठपुरावा. गोंदियाच्या किंवा अहेरीच्या रुग्णाचे उपचारानंतर काय झाले, हे कुणी फोन करून, गावच्या आशाताईंना विचारून नोंदवले, आणि ती नोंद ठोकळ्याच्या क्रमांकाशी जोडली, तर खर्रा खाणाऱ्या माणसाच्या कर्करोगाचे खरे चिन्ह कोणते, याचे उत्तर नागपूरच देऊ शकेल. त्यासाठी प्रत्येक संस्थेला एक पाठपुरावा-लिपिक आणि नैतिक समितीची रीतसर परवानगी लागेल. वैद्यकीय शिक्षण विभागाने पुढील अर्थसंकल्पात किमान दोन शासकीय संस्थांसाठी हे पद मंजूर करावे, अशी आपल्या वृत्तपत्रामार्फत माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
विकृतिशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, नागपूर